क्रोकस लावायचाय? मग पानांना हात लावू नका

यूके, युरोप किंवा अमेरिकेच्या थंड भागात राहत असाल आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये शेजाऱ्याच्या लॉनवर क्रोकसची ती जांभळी-पिवळी फुलं बघून जीव जळत असेल, तर तेव्हा काही करून उपयोग नाही, कंद सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्येच लावायला लागतात. हिवाळ्याची थंडी खाल्ल्याशिवाय क्रोकस फुलतच नाही, म्हणून मुंबईच्या बाल्कनीसाठी बॅगेत भरून नेऊ नका.

कंद हातात घट्ट लागला पाहिजे, मऊ पडलेला नको. 8 ते 10 सेंमी खोल, टोक वर, चपटी बाजू खाली, आणि पाणी साचणारी जागा नको. लॉनमध्ये लावत असाल तर मूठभर कंद उधळायचे आणि पडतील तिथेच पुरायचे, रांगेत लावले की शाळेची कवायत वाटते. खारी उकरून खातात, त्यामुळे वर जाळी दाबून ठेवा.

आता गंमत बघा, फुलाखाली देठ वाटतो तो देठ नाहीच, ती फुलाचीच लांब नळी असते आणि बीजांडकोश, म्हणजे जिथे बी तयार होतं तो भाग, खाली जमिनीत, थंडीपासून सुरक्षित. जुना कंद दरवर्षी संपतो, त्याच्या डोक्यावर नवा तयार होतो, मग तो वर वर यायला हवा ना? पण काही मुळं आकसतात आणि त्याला परत खाली ओढून घेतात. या नव्या कंदाचं पोट भरतं ते मधे पांढरी रेघ असलेल्या त्या बारीक पानांमुळे. फुलं गेली की लगेच गवत कापायचं मशीन फिरवलं तर पुढच्या वर्षी बोंब! पानं आपोआप पिवळी पडेपर्यंत थांबा, साधारण सहा आठवडे, लॉन गबाळं दिसलं तरी चालेल.

ढगाळ दिवशी फुलं मिटलेली दिसली तर घाबरू नका, त्यांना ऊब लागते. एक तोडून गरम किचनमध्ये ठेवा, बघता बघता उघडतं.

आणि हो, यातून केशर काढायला जाऊ नका प्लीज. केशराचा क्रोकस वेगळा, तो शरद ऋतूत फुलतो, काश्मीरात पाम्पोरला ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. त्याच सुमारास तसंच दिसणारं कॉल्चिकमही फुलतं आणि ते चांगलंच विषारी आहे. पुंकेसर, म्हणजे फुलाच्या आतले परागकणांचे दांडे, मोजा, क्रोकसला तीन असतात, सहा दिसले तर ते कॉल्चिकम, लहान मुलं आणि कुत्र्यामांजरांना तिकडे फिरकू देऊ नका.