आयईटीएफची बैठक ठाण्यात एकत्र बसून पाहायची असेल तर

आयईटीएफ म्हणजे इंटरनेटची तांत्रिक मानकं ठरवणारी संघटना. तिच्या बैठका वेगवेगळ्या देशांत होतात आणि ऑनलाइनही पाहता येतात. म्हणून आधी घड्याळ पाहा, मग खोली शोधा. व्हिएन्नात जुलैमध्ये सकाळी ९:३०ला सत्र सुरू होतं तेव्हा आपल्याकडे दुपारचा १ वाजलेला असतो. कॉलेजची लॅब सहज मिळते. सॅन फ्रान्सिस्कोत नोव्हेंबरमध्ये तीच वेळ म्हणजे आपले रात्रीचे ११. मग ऐरोली-घणसोलीच्या मुलांनी शेवटची लोकल पकडायची की सत्र ऐकायचं? अशा वेळी रात्रभर उघडी राहणारी जागाच घ्या, आणि वॉचमनला आधी सांगून ठेवा.

नावनोंदणी मात्र ज्याची त्याने करावी. एकाच्या लॉगिनवर दहा जण बसवणं मला पटत नाही, कारण तिथे प्रत्येक जण स्वतःच्या नावाने बोलतो आणि चर्चेतल्या तंत्राशी संबंधित पेटंट उघड करण्याचे नियमही प्रत्येकाला लागू होतात. ऑनलाइन शुल्क परवडत नसेल तर माफीची सोय आहे.

खरा घोळ आवाजाचा. खोलीत आवाज एकाच लॅपटॉपवरून, स्पीकरला जोडलेला. बाकी सगळे म्यूट. कुणाला प्रश्न विचारायचा असेल तर त्याने मीटेकोवर, म्हणजे बैठकीच्या ऑनलाइन व्हिडिओ-व्यवस्थेवर, स्वतःच्या नावाने हात वर करून रांगेत यावं, हेडफोन लावावा आणि नंबर आला की शेजाऱ्याने खोलीचा स्पीकर बंद करावा. हे न केल्यास त्याचंच वाक्य त्याला परत ऐकू येतं आणि तिकडचा अध्यक्ष वैतागतो. स्पीकरपाशी कोण बसणार, ते आधीच ठरवा.

फायबरसोबत दुसऱ्या कंपनीचं हॉटस्पॉट ठेवा. राउटर इन्व्हर्टरवर आहे ना, तेही बघा. चहा काय, मिळतोच.