पावसाळ्यात टाचेचं रक्त कार्डावर घेताना

नवजात बाळाला जन्मजात विकार आहे का, हे तपासायला टाचेचं रक्त कार्डावर घेतात. ते कसं घ्यायचं, हे डिचोलीकडच्या परिचारिकांना मी दर जूनमध्ये सांगते, कारण त्या रक्तात आम्ही एन्झाइमही तपासतो आणि गोव्याची दमट हवा एन्झाइमची शत्रू आहे. बाळ २४ तासांचं झालं, दूध प्यायला लागलं की नमुना घ्या, पण जन्मापासून ७२ तासांच्या आत. टाच कोमट फडक्याने शेका. स्पिरिट पूर्ण सुकू द्या. सुई टाचेच्या कडेला टोचा, मधोमध कधीच नको. पहिला थेंब पुसा. दुसरा मोठा होऊ द्या आणि कार्डाच्या कागदावर छापलेल्या वर्तुळाला एकाच बाजूने एकदाच टेकवा. वर्तुळ मागपर्यंत भिजलं पाहिजे. टाच पिळू नका.

आता सुकवणं. इथेच सगळं बिघडतं. कार्ड आडवं, मोकळं, निदान तीन तास ठेवा. ऊन नको, हेअर ड्रायर तर नकोच. मग ओल शोषणाऱ्या पुडीसह बंद पिशवीत घालून लगेच पाठवा. ओल्या कार्डात जी६पीडी (लाल रक्तपेशींना जपणारं एन्झाइम) आणि बायोटिनिडेज (बायोटिन हे जीवनसत्त्व शरीराला वापरू देणारं एन्झाइम) मंदावतात आणि निरोगी बाळाचा अहवालही दोष दाखवतो. अमिनो आम्लांचे विकार आम्ही टँडम मास स्पेक्ट्रोमेट्रीवर, म्हणजे रेणूंच्या वजनावरून ते ओळखणाऱ्या यंत्रावर पाहतो, तिथेही अर्धवट भरलेलं वर्तुळ चालत नाही.

दोष दिसला तर फेरतपासणी होईलच. पण जी६पीडी कमी असल्याची शंका असेल तर आईला त्याच दिवशी सांगा: बाळाच्या कपड्यांत डांबरगोळ्या ठेवू नकोस गो, त्यांनी अशा बाळाच्या लाल रक्तपेशी फुटू शकतात.