जॉइंट ऑनर्समधून सायकॉलॉजी करायचंय? मग आधी हे बघून घ्या

यूकेमध्ये आर्ट्सच्या जॉइंट ऑनर्समधून (एकाच डिग्रीत दोन विषय) सायकॉलॉजी करायचं डोक्यात असेल, म्हणजे सायकॉलॉजी आणि इतिहास, सायकॉलॉजी आणि फिलॉसॉफी असं काहीतरी, तर युनिव्हर्सिटीचं नाव, शहर, होस्टेल सगळं नंतर बघा. पहिलं हे तपासा की तुम्हाला हवी असलेली नेमकी तीच जोडी ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीने, म्हणजे बीपीएसने मान्य केलेली आहे का. एकाच युनिव्हर्सिटीत नुसत्या सायकॉलॉजीच्या डिग्रीला मान्यता असते आणि जोडीला नसते असं होऊ शकतं, आणि मुलं तिथेच फसतात. बीपीएसच्या साइटवर मान्य कोर्स शोधता येतात, तिथे कोर्सचं पूर्ण नाव टाकून बघा. नावातला 'अँड' आणि 'विथ' पण नीट वाचा, 'अँड' असेल तर दोन्ही विषय साधारण निम्मे निम्मे, आणि 'हिस्टरी विथ सायकॉलॉजी' असेल तर सायकॉलॉजी दुय्यम, त्याला सहसा ही मान्यता नसते.

मान्यता एवढी का लागते, तर मान्य कोर्स किमान सेकंड क्लासने, म्हणजे निदान टू-टूने (सेकंड क्लासचा खालचा भाग) पास झालात की बीपीएसचा जीबीसी, म्हणजे 'ग्रॅज्युएट बेसिस फॉर चार्टर्ड मेंबरशिप' मिळतो आणि पुढे क्लिनिकल, एज्युकेशनल वगैरे प्रोफेशनल ट्रेनिंगला अर्ज करताना तोच विचारतात. नसला तर सगळं संपलं असं नाही, नंतर कन्व्हर्जन एमएससी (ज्यांच्याकडे मान्य सायकॉलॉजी डिग्री नाही त्यांच्यासाठीचा कोर्स) करता येते, पण तो जास्तीचा वेळ आणि जास्तीचा पैसा. सायकॉलॉजिस्ट व्हायचंच नसेल, आवड म्हणून किंवा एचआर, टीचिंग, रिसर्च अशा दिशेने जायचं असेल तर मान्यतेचं एवढं टेन्शन घेऊ नका.

आता आतलं गणित. इंग्लंडमध्ये फुलटाइम डिग्री साधारण ३ वर्षांची, वर्षाला १२० क्रेडिट, एकूण ३६० (स्कॉटलंडला ४ वर्षं). त्यातले अर्धेच तुमच्या सायकॉलॉजीला येणार, आणि मान्य कोर्स असेल तर त्या अर्ध्यातच कॉग्निटिव्ह, सोशल, डेव्हलपमेंटल, बायोलॉजिकल, व्यक्तिमत्त्वातले फरक, रिसर्च मेथड्स हे सगळं बसवावं लागतं. म्हणजे सायकॉलॉजीच्या बाजूला आवडीचे ऑप्शनल फारसे उरत नाहीत, आवडनिवड बहुतेक दुसऱ्या विषयातच करावी लागते, त्यामुळे दुसरा विषय मनापासून आवडणाराच घ्या. आणि शेवटच्या वर्षाचं डिसर्टेशन, म्हणजे मोठा संशोधन प्रबंध, सायकॉलॉजीतच करा, डेटा गोळा करून तपासणारं. दुसऱ्या विषयात केलंत तर कोर्स मान्य असूनही जीबीसी हातचा जाऊ शकतो, हे पहिल्या वर्षीच विचारून ठेवा.

खरी कसरत लिखाणाची आहे. माझी जोडी इतिहासाची होती, पहिला लॅब रिपोर्ट मी निबंधासारखा लिहिला, छान सुरुवात, युक्तिवाद, शेवट, आणि मार्क पडले ५२, तेव्हा खूप वाईट वाटलं होतं. प्रयोग स्ट्रूप या सायकॉलॉजिस्टचा होता, १९३५ चा, 'लाल' हा शब्द निळ्या शाईत छापलेला असतो आणि तुम्ही शब्द न वाचता शाईचा रंग सांगायचा, करून बघा, जीभ अडखळतेच, कारण वाचन आपोआप होतं. मी अडखळण्यावर पानभर लिहिलं, पण किती जणांवर केलं, शब्द किती होते, वेळ कसा मोजला हे दोन ओळीत उरकलं. लॅब रिपोर्टमध्ये मेथड अशी लिहायची की अनोळखी माणूस ती वाचून तोच प्रयोग पुन्हा करू शकेल, रिझल्टमध्ये फक्त काय आकडे आले ते, आणि त्याचा अर्थ काय तो डिस्कशनमध्ये. हे एकदा डोक्यात बसलं की मग सोपं जातं, तोवर दोन्ही विषयांच्या वह्या आणि फोल्डर खरंच वेगळे ठेवा.

स्टॅटिस्टिक्सला घाबरून विषय सोडू नका प्लीज. टी-टेस्ट, कोरिलेशन, अनोव्हा, गणित सॉफ्टवेअर करतं (एसपीएसएस किंवा आर), तुम्हाला कळायला हवं ते कोणती टेस्ट कधी आणि का. आठवड्यातून दोनदा अर्धा तास हातानं करून बघितलं तरी पुरतं, पण परीक्षेच्या आधी एकदम करायला गेलात तर नाही जमत. मार्कांचं पण एक सांगते, तिथे ७० ला फर्स्ट क्लास असतो, ६२ पडले तर घरी रडत फोन करू नका, ते चांगले मार्क आहेत.

दोन डिपार्टमेंट एकमेकांशी बोलत असतील असं धरून चालू नका. टर्मच्या पहिल्याच आठवड्यात दोन्हीकडच्या डेडलाइन एका कागदावर उतरवा, एकाच दिवशी दोन सबमिशन येत असतील तर तेव्हाच जाऊन सांगा, आदल्या रात्री कोणी ऐकत नाही.

आणि अर्ज करताना, यूकॅसमध्ये (यूकेतल्या युनिव्हर्सिटींना अर्ज करायची सामायिक ऑनलाइन सोय) ५ चॉइस असतात पण पर्सनल स्टेटमेंट एकच, ४००० अक्षरांचं, २०२६ च्या प्रवेशापासून ३ प्रश्नांत विभागलेलं. त्यात दोन्ही विषय यायला हवेत, दुसरा विषय शेवटी एका वाक्यात चिकटवलेला लगेच दिसतो. पाठवण्याआधी अॅडमिशन ऑफिसला ईमेल टाका आणि हे तीनच विचारा: ही जोडी बीपीएसला मान्य आहे का, डिसर्टेशन सायकॉलॉजीत करता येईल याची खात्री आहे का, आणि पहिल्या वर्षानंतर पूर्ण सायकॉलॉजीला बदली मिळते का. उत्तर लेखी घ्या आणि जपून ठेवा.