मधुमेही मूत्रपिंडाचा जीन डेटा तपासताना या चुका टाळा

मूत्रपिंडाच्या डेटाला हात घालणारी नवी मुलं त्याच त्या चुका करतात आणि बहुतेक चुकांचं मूळ एकच असतं: आकडे बघायचे, पण टिश्यू कुठून आला ते बघायचं नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ग्लोमेरुलस (रक्त गाळणारी बारीक रक्तवाहिन्यांची गुंडी) आणि नलिका (गाळलेलं द्रव पुढे नेणाऱ्या नळ्या) यांची सरमिसळ. एमएस्सीच्या एका विद्यार्थ्याने मला त्याचं विश्लेषण पाठवलं होतं. हीटमॅप (जनुकांची पातळी रंगांत दाखवणारा तक्ता) देखणा, दोन्ही गट स्वच्छ वेगळे. पण यादीत सगळ्यात वर नेफ्रिन आणि पोडोसिन ही पोडोसाइटची (ग्लोमेरुलसमधल्या गाळणीच्या पेशींची) जनुकं, तेही मधुमेहात कित्येक पटींनी वाढलेले, आणि नलिकेतलं यूरोमोड्युलिन तळाला. मधुमेही नेफ्रोपथीत (मधुमेहामुळे होणाऱ्या मूत्रपिंडाच्या आजारात) पोडोसाइट गळून जातात, मग नेफ्रिन वाढेल कसं? मी नमुन्यांची यादी मागवली. डेटा जीईओ या सार्वजनिक जनुक-डेटासाठ्यातल्या जीएसई ३०१२२ या एकत्रित मालिकेतला होता. तिच्यात जीएसई ३०५२८ हा ग्लोमेरुलसचा संच आहे (९ मधुमेही, १३ कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचे) आणि जीएसई ३०५२९ हा नलिकांचा (१० मधुमेही, १२ कंट्रोल). पठ्ठ्याने मधुमेही पहिल्यातले घेतले आणि कंट्रोल दुसऱ्यातले. तोवर पाथवे विश्लेषण (कुठल्या जैविक प्रक्रिया बदलल्या ते बघणं) उरकलं होतं, निष्कर्षही लिहून झाले होते. कारण विचारलं तर म्हणाला, "सर, डेडलाइन होती." डेडलाइन सगळ्यांनाच असते. नमुन्यांचं वर्णन वाचायला अर्धा तासही लागत नाही.

कुठलीही चाचणी लावण्याआधी मी प्रत्येक नमुन्यात मोजकी जनुकं बघतो. ग्लोमेरुलससाठी एनपीएचएस१ आणि एनपीएचएस२ (नेफ्रिन आणि पोडोसिनची जनुकं), समीपस्थ नलिकेसाठी एलआरपी२ आणि एसएलसी३४ए१, हेन्लेच्या वळशासाठी (नलिकेचा मधला भाग) यूमॉड, म्हणजे यूरोमोड्युलिनचं जनुक, संग्राहक नलिकेसाठी एक्यूपी२. जोडीला एक्सआयएसटी (स्त्रियांमध्ये चालू असणारं जनुक) बघून रुग्णाचं नोंदलेलं लिंग जुळतं का तेही तपासतो. इथे गडबड दिसली तर पुढे जायचंच नाही.

दुसरी चूक 'निरोगी' या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवण्याची. निरोगी माणसाचं मूत्रपिंड सहजासहजी कोण कापू देणार? म्हणून कंट्रोल बरेचदा गाठीसाठी काढलेल्या मूत्रपिंडाच्या कडेचा भाग असतो, नाहीतर दात्याची बायोप्सी. शस्त्रक्रियेत रक्तवाहिनी बांधल्यापासून टिश्यू गोठवेपर्यंत वेळ जातो आणि तेवढ्यात एफओएस, जून, ईजीआर१ ही ताणाची जनुकं उसळतात. मधुमेही नमुना मात्र सुईने घेऊन लगेच जपलेला असू शकतो. मग 'मधुमेहात ईजीआर१ घटतं' असा शोध लागतो! ही तिघं एकदम यादीत दिसली की मी आधी नमुना कसा घेतला ते शोधतो. वय, रक्तदाब आणि चालू औषधंही तिथेच बघून घ्यावीत.

नेफ्रिन घटलेलं दिसलं तरी लगेच 'जनुक दबलं' असं लिहू नका. अख्ख्या टिश्यूच्या डेटात पोडोसाइट कमी झाले तरी आकडा उतरतोच.

एकेका केंद्रकाच्या डेटात (जिथे प्रत्येक पेशीच्या केंद्रकाचं वेगळं मोजमाप होतं) केंद्रकं म्हणजे रुग्ण नव्हेत. २०१९ साली आलेल्या मधुमेही मूत्रपिंडाच्या अभ्यासात २३,९८० केंद्रकं होती, पण माणसं तीन विरुद्ध तीन. तुलना माणसांची करा.

२०,००० जनुकांवर पी-मूल्याची (फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.०५ ची सीमा लावली तर निव्वळ योगायोगाने हजारभर जनुकं 'महत्त्वाची' ठरतात. इतक्या चाचण्यांसाठी दुरुस्त केलेलं पी-मूल्यच वापरा.

मायक्रोअ‍ॅरेचे (चिपवर जनुकांची पातळी मोजण्याची पद्धत) आकडे साधारण १६ च्या आत असतील तर लॉग आधीच घेतलेला आहे, पुन्हा घेऊ नका. डीईसेक२ या जनुकांच्या पातळीतला फरक तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला कच्चे काउंट द्या, टीपीएम (आधीच प्रमाणित केलेले आकडे) नको.

आणि जनुकांची यादी एक्सेलमध्ये उघडूच नका. सेप्ट२ या जनुकाच्या नावाची तारीख होते. या त्रासापायी २०२० मध्ये अशा जनुकांची अधिकृत नावंच बदलली आणि सेप्ट२ चं सेप्टिन२ झालं, पण जुन्या फाइलींमध्ये जुनीच नावं आहेत.