जुन्या ऑल-व्हील-ड्राइव्ह वॅगनचे चारही टायर जुळलेले ठेवा

गोव्यात अजून फिरणाऱ्या मॅन्युअल गिअरच्या फॉरेस्टरसारख्या गाड्यांत एकच टायर नवा टाकणं फार महागात पडतं. ऑल-व्हील-ड्राइव्ह म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना जाते; यांत पुढची आणि मागची चाकं कायम जोडलेली असतात. एका टायरचा घेर वेगळा झाला की मधल्या डिफरेन्शियलमधली (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअर-पेटीतली) व्हिस्कस कपलिंग, म्हणजे दाट सिलिकॉन द्रव भरलेली जोडणी, सरळ रस्त्यावरसुद्धा घसटत राहते, आतलं सिलिकॉन तापतं आणि शेवटी ती जाम होते.

चारही टायरांच्या घेरात ६ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. टायर १ मिलिमीटर झिजला की घेर साधारण ६ मिलिमीटरने कमी होतो, म्हणजे नक्षीच्या खोलीत फरक १ मिलिमीटरचाच चालतो! चारही टायरांत हवा नेमकी भरा, चाक जॅकवर उचला आणि शिंप्याची टेप टायरच्या बरोबर मधोमध गुंडाळून मापा.

कपलिंग जाम होतेय का, हे पावसाळ्यात कळत नाही. ओल्या चिऱ्यावर चाकं घसरून ताण सोडतात. कोरड्या डांबरी जागेत गाडी गरम असताना स्टिअरिंग पूर्ण वळवून पहिल्या गिअरमध्ये हळू गोल फिरवा. गाडी अडखळली, ब्रेक लावल्यासारखी धरली, तर आधी टायर मापा. माप बरोबर असेल तर दोष कपलिंगचा.

टायर फाटलाच तर त्याच कंपनीचा, त्याच नक्षीचा, तेवढाच झिजलेला शोधा, नाहीतर चारही बदला. चोर्ला घाटात बंद पडली तर पुढची चाकं उचलून ओढू देऊ नका, अख्खी गाडी वर चढवून नेणारा फ्लॅटबेड ट्रकच मागवा.