बुलेटला क्रिंप द्यायचा की नाही? .२२३ रीलोड करताना या चुका टाळा

रीलोडिंग म्हणजे वापरलेल्या पुंगळीत (काडतुसाच्या पितळी कवचात) नवा प्राइमर (ठिणगी देणारी टोपी), पावडर आणि बुलेट भरणं. .२२३ रेमिंग्टन या रायफलच्या काडतुसात बुलेट जागेवर धरून ठेवण्याचं काम पुंगळीची मान, म्हणजे तोंडाकडचा अरुंद भाग, करते. साइझिंग डायमधून (पुंगळी दाबून मापात आणणाऱ्या साच्यातून) निघालेल्या मानेचा आतला व्यास साधारण ०.२२२ इंच असतो आणि बुलेटचा ०.२२४. हा ०.००२ इंचाचा फरक, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम विसावा भाग, हीच बुलेटवरची खरी पकड. क्रिंप म्हणजे पुंगळीच्या तोंडाला आतल्या बाजूने दिलेला दाब. तो पकडीला हातभार लावतो, पण तिची जागा घेऊ शकत नाही. बहुतेक भानगडी इथूनच सुरू होतात: मान ढिली राहिलेली असते आणि आपण क्रिंप आवळत बसतो.

(हा मजकूर अमेरिकेतल्या मराठी नेमबाजांसाठी आहे. तिथे स्वतःच्या वापरासाठी घरी काडतुसं भरणं हा रुळलेला छंद आहे. तरी आपल्या राज्याचे नियम पाहून घ्या. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही, त्यामुळे इकडे हे करू नका.)

ढिली मान क्रिंपने आवळणे

जास्त दाबलं की जास्त घट्ट, असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात उलट होतं. बुलेटच्या आत शिसं असतं, वर तांब्याचं पातळ आवरण. डायने जोरात दाबलं की पितळ आणि बुलेट दोन्ही आत दबतात. डाय सुटल्यावर पितळ थोडं मागे फुलतं, शिसं मात्र दबलेलंच राहतं. मधे फट पडते आणि बुलेट आधीपेक्षा सैल होते. खात्री करायची तर पावडर आणि प्राइमर नसलेल्या एका पुंगळीत बुलेट बसवा, सणसणीत क्रिंप द्या आणि बुलेट दोन बोटांत धरून फिरवा. फिरली, तर क्रिंपनेच पकड घालवली आहे.

त्यापेक्षा मान मोजा. साइझ केलेल्या मानेचा बाहेरचा व्यास कॅलिपरने घ्या, बुलेट बसवून पुन्हा घ्या. फरक ०.००२ इंचापेक्षा कमी भरला तर दुरुस्ती मानेची हवी. एक्सपांडर बॉल (डायमधला, मान आतून रुंदावणारा गोळा) मोठा असेल तर तो ड्रिलमध्ये धरून बारीक पॉलिश पेपरने ०.००१ इंच उतरवा आणि मधूनमधून मोजत राहा. पुंगळी अनेकदा भरलेली असेल तर मानेचं पितळ कडक होऊन साइझिंगनंतर परत फुलतं. अशा पुंगळ्या अनील करा (मान तापवून मऊ करा), नाहीतर बाद करा.

लांबी न जुळवता क्रिंप देणे

सीटिंग डायमधला (बुलेट बसवणाऱ्या साच्यातला) रोल (कड आत वळवणारा) किंवा टेपर (हलक्या उताराने दाबणारा) क्रिंप पुंगळीच्या लांबीवर अवलंबून असतो. .२२३ ची कमाल लांबी १.७६० इंच, ट्रिम (कापून आखूड) १.७५० ला करतात. एका लॉटमध्ये १.७५० आणि १.७६० अशा दोन्ही पुंगळ्या असतील तर त्याच सेटिंगवर आखूड पुंगळीला क्रिंप लागतच नाही आणि लांब पुंगळीचं तोंड चिरडतं. चिरडताना मानेला जायला जागा नसते, म्हणून खांदा, म्हणजे मानेखालचा उतार, खाली बसतो आणि त्याखाली बारीक फुगवटा येतो. डोळ्यांना तो सहसा दिसत नाही. काडतूस चेंबरमध्ये (रायफलमध्ये ते बसतं त्या पोकळीत) अडकलं की कळतं. खांद्याभोवती काळा मार्कर फिरवून काडतूस केस गेजमध्ये (चेंबरच्या मापाच्या तपासणी-साच्यात) सोडा. खांद्याच्या खाली शाई घासून चकचकीत कडं उमटलं, तर फुगवटा तिथेच आहे.

बुलेट बसवणं आणि क्रिंप देणं एकाच झटक्यात उरकू नका. बुलेट अजून खाली सरकत असते आणि तोंड मिटू लागतं. मग तांब्याचा कीस निघतो. आधी तोंडाच्या आतल्या कडेला चॅम्फर करा (कड तिरकी घासा) आणि सगळ्या बुलेट बसवून घ्या. मग सीटिंग स्टेम (डायमधला, बुलेट दाबणारा दांडा) बराच वर घ्या, ट्रिम केलेलं एक काडतूस प्रेसच्या रॅमवर (काडतूस डायमध्ये वर नेणाऱ्या दांड्यावर) चढवा, डाय तोंडाला टेकेपर्यंत खाली आणा आणि तिथून एक-अष्टमांश फेऱ्याने आवळत जा. टेपर क्रिंपमध्ये तोंडाची कड बुलेटला सपाट लागलेली दिसली की थांबा. ली कंपनीची फॅक्टरी क्रिंप डाय चार पाकळ्यांच्या कॉलेटने बाजूने दाबते, त्यामुळे लांबीतला थोडा फरक ती सोसते. ट्रिमिंगचा कंटाळा असणाऱ्यांना ती आवडते, पण ट्रिमिंग तिच्यामुळे टळत नाही.

खाच नसलेल्या बुलेटला क्रिंप

सिएरा मॅचकिंगसारख्या टार्गेट बुलेटला कॅनेल्यूर, म्हणजे भोवतालची दातेरी खाच, सहसा नसते. तिथे रोल क्रिंप दिला की तोंड सरळ आवरणात रुततं. बोल्ट ॲक्शन (दर गोळीला हाताने बोल्ट ओढायच्या) रायफलसाठी अशा बुलेटला क्रिंप न देणंच आम्हाला योग्य वाटतं. .२२ हॉर्नेट या दुसऱ्या रायफल काडतुसाची मान तर इतकी पातळ की डाय जराशी खाली गेली तरी ती चुरगळते.

एआर-१५ या स्वतःहून पुढचं काडतूस भरणाऱ्या रायफलची गोष्ट वेगळी. बोल्ट मॅगझिनमधून काडतूस ओरबाडून पुढे ढकलतो आणि बुलेटचं टोक फीड रॅम्पवर (चेंबरकडे नेणाऱ्या उतारावर) आपटतं. बुलेट आत सरकली तर पावडरची जागा कमी होते आणि दाब वाढतो. काडतूस चेंबरमध्ये जाऊन थबकतं तेव्हा सैल बुलेट उलट पुढेही निसटू शकते. इथे खाच असलेल्या बुलेटला हलका क्रिंप उपयोगी पडतो, तोंड खाचेच्या मध्यावर किंवा किंचित वर येईल असा. पण आधी तपासा: पावडर आणि प्राइमर नसलेली पाच डमी बनवा, प्रत्येकीची लांबी लिहून ठेवा, मॅगझिनमध्ये भरा आणि बोल्ट पूर्ण जोराने सुटू द्या. बाहेर काढून मोजा. ०.००२ इंचापर्यंतचा फरक चालेल. ०.००५ च्या पुढे गेला तर मानेच्या पकडीकडे वळा. एकूण लांबी २.२६० इंचाच्या वर जाऊ देऊ नका.

जुन्याच चार्जवर नवा क्रिंप

क्रिंपमुळे बुलेट सुटायला जास्त दाब लागतो. म्हणून क्रिंपशिवाय जुळवलेला चार्ज (पावडरचं प्रमाण) तसाच पुढे चालवू नका. रीलोडिंग मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या चार्जपासून पुन्हा वर या.

लष्करी ५.५६ च्या (.२२३ च्याच मापाच्या) पुंगळ्या घेणाऱ्यांचा शब्दावरूनही घोटाळा होतो. त्यांच्यात प्राइमर पॉकेटलाही (प्राइमर बसतो त्या खड्ड्यालाही) क्रिंप असतो. बुलेटच्या क्रिंपशी त्याचा काही संबंध नाही, पण स्वेजिंग (दाबून) किंवा रीमिंग (खरवडून) करून तो काढला नाही तर नवा प्राइमर तिरका बसतो, चिरडतो. जोर लावून तो रेटू नका.

क्रिंप बिघडलेलं काडतूस पुन्हा डायमध्ये घालून सुधारायला जाऊ नका. कॉलेट पुलरने बुलेट काढा. आवरणावर खोल कडं पडलं असेल तर ती बुलेट ग्रुपसाठी (अचूकता पाहण्याच्या नेमबाजीसाठी) वापरू नका, आणि खांदा फुगलेली पुंगळी चपटी करून भंगारात टाका.