ओटीपोटात एकदम कळ आली तर... अंडाशयातली गाठ फुटली हे कसं ओळखायचं

मागच्या दिवाळीनंतर, ऐन कापूस वेचायच्या दिवसात माझी जाऊ वावरातून पोट धरून घरी आली. कापसाचं गाठोडं उचलताना उजवीकडे ओटीपोटात सुरी खुपसल्यासारखी कळ आली म्हणे. सासूबाईंना वाटलं बेंबी सरकली, शेजारची बाई पोट चोळायला बसली, मी ओवा आणि गरम पाणी दिलं, आणि तीन तासांनी ती न्हाणीकडे जाताना चक्कर येऊन पडली तेव्हा आम्ही धावलो. सोनोग्राफीत कळलं की अंडाशयातली गाठ फुटून पोटात रक्त साचलंय. वाचली ती, पण ते तीन तास मला अजून टोचतात, म्हणून हे लिहितेय.

गाठ म्हटलं की आपल्याकडे सरळ कॅन्सरच समजतात, तसं नाही. दर महिन्याला बीज तयार होतं तेच मुळी अंडाशयातल्या साधारण 2 सेंटीमीटरच्या पाण्याच्या फोडात, आणि तो फुटूनच बीज बाहेर येतं. कधी तो फोड फुटत नाही, वाढत जातो, किंवा बीज गेल्यावर उरलेल्या जागेत पाणी नाहीतर रक्त भरतं, ती झाली सिस्ट. बहुतेक 2-3 महिन्यात आपोआप जिरतात. फुटली तरी बऱ्याचदा नुसतं पाणी सांडतं, शरीर ते शोषून घेतं, दुखणं काही दिवसात जातं. पण फुटताना रक्तवाहिनी फाटली तर रक्त पोटाच्या आतल्या आत वाहत राहतं, बाहेर एक थेंबही दिसत नाही. आणि आपण तर कपड्याला लागलं नाही म्हणजे रक्त गेलं नाही असंच धरून चालतो.

मग ओळखायचं कसं? ही कळ अचानक येते, बाई सांगू शकते की अमुक काम करत होते आणि एकदम आली. बहुतेक एकाच बाजूला, बेंबीच्या खाली. वजन उचलताना येते, नवऱ्याशी संबंध येताना पण येते, हे बाई चारचौघात सांगणार नाही म्हणून तिला बाजूला घेऊन विचारा. पाळी येऊन किती दिवस झाले तेही विचारा, कारण पाळीच्या मधल्या दिवसांपासून पुढची पाळी येईपर्यंतच्या काळात हे जास्त होतं. थोडं मळमळणं, थोडं लाल लागणं हे असू शकतं.

आता धोक्याचं. चक्कर येणं, उभं राहिल्यावर डोळ्यापुढे अंधारी, थंडगार घाम, तळहात आणि ओठ पांढरे पडणं, आडवं पडून असतानाही नाडी मिनिटाला 100 च्या वर, पोट फुगून कडक होणं, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत जाणं, आणि एक खूण कोणाला माहीत नसते ती म्हणजे खांद्याच्या टोकाला दुखणं, पोटातलं रक्त पोट आणि छातीच्या मधल्या पडद्याला लागलं की खांदा दुखतो. यातलं एक जरी असलं तरी सकाळची वाट पाहू नका, रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. ताप आणि थंडी वाजत असेल तरी तेच. आपल्या भागात कितीतरी बायकांचं हिमोग्लोबिन मुळातच कमी, काही घरात सिकलसेल हा रक्ताचा पिढीजात आजार, अशा बाईला थोडं रक्त गेलं तरी झेपत नाही. रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू असतील तर धोका आणखी जास्त.

अशीच कळ दुसऱ्या कारणांनी पण येते, आणि ती घरी बसून वेगळी करता येत नाहीत. गाठीसकट अंडाशयाला पीळ पडला तर कळा लाटेसारख्या येतात, उलट्या थांबत नाहीत, आणि काही तासात ऑपरेशन झालं नाही तर अंडाशय जातं. उजवीकडे अपेंडिक्स असू शकतं. गर्भ नळीत राहिला असेल तर ते सगळ्यात घातक, म्हणून डॉक्टर लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट करायला सांगतात. त्याचा राग मानू नका, मुलगी कुवारी असली तरी करू द्या, आणि "हिचं तर नसबंदीचं ऑपरेशन झालं, पोर राहूच शकत नाही" असंही म्हणू नका, ऑपरेशननंतरही क्वचित राहतं आणि राहिलं तर नळीत असायची शक्यता जास्त असते.

निघेपर्यंत तिला आडवं झोपवा, पाय उशीवर उंच ठेवा. पोट चोळू नका, शेकू नका. खायला प्यायला काही देऊ नका, ऑपरेशन लागू शकतं. गावात दुखण्याचं इंजेक्शन मारून परत झोपवू नका, कळ दबते पण आतलं रक्त थांबत नाही. 108 ला फोन लावा, आणि मोटरसायकलवर दोघांच्या मधात बसवून नेऊ नका, रस्त्यात बेशुद्ध पडली तर सांभाळता येत नाही. शक्यतो जिथे सोनोग्राफी आणि रक्ताची सोय आहे तिथेच न्या. सोबत जुने सोनोग्राफी रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं, आधार, रेशन कार्ड आणि रक्त देऊ शकतील असे दोन नातेवाईक.

तिथे गेल्यावर पहिल्या दोन वाक्यात सांगा: शेवटची पाळी अमुक तारखेला, कळ इतक्या वाजता, आणि आधी गाठ सांगितली होती की नाही. पहिलं हिमोग्लोबिन बरं आलं म्हणून लगेच घरी जायची घाई करू नका, रक्त नुकतंच जायला लागलं असेल तर आकडा उतरायला काही तास लागतात. डॉक्टर थांबा म्हणाले तर थांबा. प्रत्येकीला ऑपरेशन लागत नाही, कितीतरी जणींना नुसतं लक्ष ठेवून, दुखणं कमी करून घरी सोडतात.

आणि ज्यांना सोनोग्राफीत गाठ सांगितली पण काही त्रास नाही त्यांनी कागद पेटीत टाकून विसरू नका बाई, डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला, बहुतेक 2-3 महिन्यांनी, परत सोनोग्राफी करा. पाळी कायमची गेल्यावर गाठ निघाली तर मात्र ती आपोआप जिरेल म्हणून बसू नका, लगेच दाखवा.